राखणदार

भाचा पुण्याला गेला, त्याचं खेळायचं यंत्र आमच्याकडेच राहिलं.
सकाळी सातला कॅनिंग कारखान्यातून सुटतो,
बूट काढतो, टीव्ही लावतो,
चहा होईपर्यंत एक डाव.
एकाचे तीन होतात.

मी काही पट्टीचा खेळाडू नव्हे.
सुरुवातीला विचारतात, सोपं की कठीण?
सोपं दाबतो. लाज कसली.

पहिला खेळ तलवारीचा.
समोर डोंगराएवढा राक्षस, मी त्याच्या घोट्याशी.
वठलेलं कलम तोडावं तसा
अर्धा तास एकाच पोटरीवर वार करत बसलो.
सत्तावीस वेळा मेलो.
अठ्ठाविसाव्या वेळी अंगठा खाजवायला गेलो,
भलतंच बटण दाबलं गेलं, नि तो कोसळला.
वृंदा, बघ बघ, म्हणून ओरडलो.
ती चुलीकडून म्हणाली,
"पडलो मां? मगे आता आंघोळीक जावा."

दुसरा मोटारी पळवायचा.
टेम्पो चोरला, पोलीस मागे लागले,
आणि मी वळणावर हॉर्न दिला,
जामसंड्याच्या उतारावर देतो तसा.
भाच्याला फोनवर सांगितलं, त्याला हसून ठसका लागला.
त्या शहरात दारं हजार, उघडत एक नाही,
नुसती रंगवलेली.
समुद्र मात्र देखणा. पण काठावर एक जाळं सुकत नाही,
आणि लाटा सगळ्या सारख्या अंतरानं येतात.
करणाऱ्यानं कधी होडी ओढली नसणार.

तिसरा चोरपावलांचा.
"हा जमेल तुला मामा, ह्यात घाई नसते."
गडात शिरायचं, पहारेकऱ्याला मागून धरायचं,
गळा आवळून गवतात ओढून ठेवायचं.
गवतात बसलो.
पहारेकरी आला. बारा पावलं गेला, थांबला,
मशालीकडे बघितलं, खोकला,
परक्या भाषेत काहीतरी विचारलं,
"कोण रे तो?" असंच असणार,
मग आपणच ठरवलं, उंदीर असेल.
परत बारा पावलं.

मी अंगठा उचलला.

बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत माझी एकशे चाळीस होतात.
थांबतो, आमरसाच्या पिंपांवर बॅटरी मारतो,
कोण रे तो, म्हणतो,
मांजर असेल, म्हणतो,
परत एकशे चाळीस.
वर सड्यावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
लागतात, विझतात.
एकोणीस वर्षं झाली, माझ्या पाठीमागे गवतात
कोण बसलंय, हे मनात आलं नव्हतं.
त्या रात्री चारदा वळून बघितलं.

कुंपणाबाहेर जांभ्या दगडाची घुमटी आहे, राखणदाराची.
अवसेला मालक नारळ ठेवतात, वर्षाला नव्या वहाणा.
तोही रात्रभर फिरतो म्हणे, शिवेपासून शिवेपर्यंत,
काठी आपटत. वहाणा झिजतात त्याच्या.
मी दोन विड्या पेटवल्या.
त्याची त्याला ठेवली, माझी मी ओढली.
गाऱ्हाणं बिऱ्हाणं घातलं नाही.
नुसतं विचारलं, काय, सगळं शांत?

भाचा विचारतो, कुठवर आलास?
अजून पहिल्याच फाटकाशी.
"अरे मार ना त्याला, खोटा आहे तो."
होय म्हटलं.

काल त्या गडावर पाऊस होता.
मशाल विझलेली, तरी हा बारा पावलं गेला,
विझलेल्या मशालीकडे बघून खोकला.
मी तसाच उठून आंघोळीला गेलो, यंत्र चालू ठेवून.
डोकं पुसत आलो तर
वृंदा माझ्या खुर्चीत, मांडीवर निवडायची मेथी,
त्याच्याकडे बघत बसलेली.
खूप वेळानं म्हणाली,
"ह्येचो डबो कोण हाडता?"